कात्री बाबांच्या हाताशी

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. संध्याकाळचे सात चाळीस. काशीगावच्या आमच्या शिवणकामाच्या दुकानात काज करत बसलोय.

बाबांनी आज आमचे गिऱ्हाईक पांडेजी यांच्याकडून कुर्त्याचे आगाऊ पन्नास रुपये विसरून दोनदा घेतले. पांडेजींनी मुकाट्याने दिलेही. बाहेर मला म्हणाले, "बाबूजी से कुछ मत कहना." मी घाबरून कात्री खणात लपवली. एवढं महाग कापड चुकीचं कापलं तर?

बाबांनी ती शोधलीच. "काय रे, मालक झालास काय?"

मी मापं वाचत गेलो. गळ्याची गोलाई त्यांनी हात न थांबवता खडूने काढली आणि त्याच रेघेवरून कात्री नेली. मी टेपने दोनदा ताडून पाहिलं. सुताचाही फरक नाही. हे कसं होतं?

बाबांना तपासणारे डॉक्टर म्हणाले होते, वयाबरोबर नवं लक्षात टिकत नाही, पण हातात मुरलेलं काम मेंदू वेगळ्या जागी जपून ठेवतो. ती जागा आज मला जवळजवळ दिसली.

कापून झाल्यावर बाबा म्हणाले, "कुर्ता कुणाचा रे हा?"

कात्री पुन्हा खणात ठेवली नाही. त्यांच्या हाताशीच आहे.

खर्च: चहा, सहा रुपये. देणे: पांडेजींचे पन्नास.