वगळलेल्यांची यादी

सोमवार, २ फेब्रुवारी १९९८
डँडेनॉन्ग

नवी नोकरी, नवं घर, म्हणून नवी वही. कव्हरवर कोआला आहे. तो आमच्या ठाण्याच्या वाचनालयातल्या शिपायासारखा दिसतो, कायम पेंगुळलेला.

घर म्हणजे कार्मेलआंटींच्या घरामागचं दोन खोल्यांचं युनिट. आंटी मूळच्या वसईच्या, सत्तावीस वर्षं इथे आहेत, यजमान मानवेल तीन वर्षांपूर्वी गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सुकेळी आणून दिली आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी निम्मं खोटं सांगितलं. त्या तनयाला साडेतीनला शाळेतून गाडीने आणणार आहेत, कारण माझं ऑफिस साडेचारला सुटतं. तनया सहा वर्षांची आहे आणि तिला आंटींची मांजर आवडली, म्हणजे घर पसंत.

ऑफिस दोन कारखान्यांच्या मध्ये आहे. कंपनी माणसांचे पत्ते आणि फोन नंबर गोळा करून त्याची सीडी काढते. आता इंटरनेटवरही आणलंय. नाव टाइप करा, पत्ता हजर. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, तसा कागद सही करून दिलाय. ज्यांना यादीतून आपलं नाव काढून हवंय त्यांचे फॉर्म टाइप करायचे, हे माझं काम. मला तर हसूच आलं. अख्ख्या ऑस्ट्रेलियात लपण्याची माझ्याइतकी हौस कोणाला असेल?

कारण एकदाच लिहून ठेवते. सात महिन्यांपूर्वी सिडनीत, कॅसल हिलच्या घरातून, तनयाला शाळेत सोडायला म्हणून निघाले आणि परत गेलेच नाही. माझं डावं मनगट अजून दुखतं. शैलेंद्र म्हणाला होता, जिथे जाशील तिथून पोरीला घेऊन जाईन, आणि तुझं नावसुद्धा उरणार नाही. कोर्टाचा कागद माझ्याकडे आहे. फोन नंबर डिरेक्टरीत छापला जात नाही. माहेरचं आडनाव परत लावलंय. बास, आता पुढचं.

तेव्हा घरातलं काही घेता आलं नाही. भात पातेल्यात शिजवते आणि रोज खाली लागतो. आईने लग्नात दिलेला कुकर तिथेच राहिला. ठाण्याच्या भांडेवाल्याकडून तिने त्याच्या बुडाला नाव घालून घेतलं होतं, ‘पद्मा शैलेंद्र दळवी’. नवऱ्याची नाही, त्या कुकरची आठवण येते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काम आवडलं. फॉर्म चार पानी आहे. पूर्ण नाव, मधलं नाव, लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, आधीचे तीन पत्ते, सध्याचा पत्ता, घरातली इतर माणसं, तुमची माहिती आम्हाला कुठून मिळाली असेल असं वाटतं, आणि शेवटी नाव काढण्याचं कारण. एवढं कशाला विचारता असं मी साहेबांना, म्हणजे डॅरेलला, विचारलं. तो म्हणाला, त्याच नावाचा भलताच माणूस काढला जाऊ नये म्हणून. पटलं. वाचनालयात एका नावाच्या दोन सभासदांची कार्डं आम्हीही अशीच वेगळी ठेवायचो.

सगळं भरून शेवटचं बटण दाबलं की पडद्यावरून नाव जातं. मला ते बटण फार आवडतं. प्रत्येक वेळी मनात म्हणते, जा बाई, सुखी राहा.

कारणं मात्र वाचवत नाहीत. गीलाँगच्या ब्रेंडा नावाच्या एका शिक्षिकेने जांभळ्या शाईने लिहिलंय की आधीच्या नवऱ्याने तीन घरं शोधून काढली, हे चौथं. ‘घरातली इतर माणसं’ मध्ये तिने लिहिलंय, बिस्किट, वय दोन, कुत्रा. मी कुत्र्यालासुद्धा टाइप केलं. नियम म्हणजे नियम.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत सगळे वेबसाइटवर आपापलं नाव शोधत बसले होते. माणूस पहिल्यांदा स्वतःचंच नाव टाइप करतो, गंमत आहे. मीही केलं. जुना सिडनीचा पत्ता येईल अशी तयारी होती. तो आला. त्याखाली दुसरी ओळ होती. पद्मा शैलेंद्र सबनीस, डँडेनॉन्ग, रस्ता, घर नंबर, सगळं.

हातातलं सँडविच तसंच राहिलं. कुठून आलं हे शोधायला अर्धा तास लागला. फॉस्टर स्ट्रीटवर श्यामलाचं किराणा दुकान आहे. इथे राहायला आल्या आल्या तिथे लकी ड्रॉची चिठ्ठी भरली होती, बक्षीस प्रेशर कुकर. चिठ्ठ्यांचा खोका ठेवणाऱ्या जाहिरातवाल्यांनी ती नावं उतरवून आमच्या कंपनीला दिली.

आणि मधलं नाव! सबनीस आठवणीने लिहिलं, पण नऊ वर्षांच्या सवयीने हाताने मधे नवऱ्याचं नाव घातलं. शाळेच्या दाखल्यावर वडलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आपल्याकडे ही जागा रिकामी ठेवायची असते हेच कोणी शिकवलेलं नाही. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

मग नुसतं ‘शैलेंद्र’ टाइप करून पाहिलं. साऱ्या देशात चार निघाले. तीन पुरुष, आणि मी.

त्याने मला शोधायलाही नको. स्वतःचं नाव टाकलं तरी पुरे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सकाळी आठलाच ऑफिसात गेले. स्वतःचा फॉर्म स्वतःच भरला, एक रकाना सोडला नाही. माहेरचं, सासरचं, दोन्ही नावं. इथला पत्ता. घरातली इतर माणसं, तनया, वय सहा. माहिती कुठून मिळाली असेल, किराणा दुकानातला कुकरचा ड्रॉ. कारण, नवऱ्याला आमचा पत्ता कळू नये. बटण दाबलं. पुन्हा शोधलं. शैलेंद्र तीनच.

घरी येऊन शिरा केला. तनयाने कारण विचारलं. म्हटलं, आज आपण दोघी अदृश्य झालो. ती खूश झाली आणि आंटींच्या मांजरीला सांगून आली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कुकर लागला! दुपारी कुरिअरवाला येऊन गेला, आंटींनी सही करून खोकं घेतलं. छान गुंडाळलेलं, वर लाल रिबीन, ‘लकी ड्रॉ विजेती’ असं छापलेली चिठ्ठी. आंटी सांगत होत्या, माणूस फार गोड बोलत होता, बाई आणि मुलगी मागेच राहतात ना, मुलीची शाळा जवळच असेल, असं विचारत होता. आंटींना बोलायला माणूस मिळालं की झालं.

तनयाला लगेच उघडायचं होतं. मी म्हटलं, नवी वस्तू पाडव्याला काढायची. महिन्याभराचा तर प्रश्न. तिने ‘दॅट्स सो अनफेअर’ म्हणून पाय आपटले. खोकं फ्रिजवर ठेवलंय. येता-जाता त्याच्याकडे बघून बरं वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फुकट मिळालं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

टपालात जांभळी शाई दिसली आणि मी ओळखली. ब्रेंडा. या वेळी फॉर्म नव्हता, साधं पत्र होतं. तिने लिहिलंय, आधीचा नवरा मंगळवारी दुपारी फाटकाशी आला. त्याने कुत्र्याला नावाने हाक मारली. बिस्किट शेपूट हलवत गेला, आणि तो त्याला गाडीत घालून घेऊन गेला. कुत्रा तिने या घरी आल्यावर पाळला होता. त्याचं नाव तिने फक्त एकाच कागदावर लिहिलं होतं.

त्यापुढे एकच ओळ होती. तुम्ही कोणाला सांगितलंत?

मी डॅरेलला पत्र दाखवलं. तो म्हणाला, अशी पत्रं येतात, नो वरीज, कचऱ्यात टाक. मी पर्समध्ये टाकलं.

तो फॉर्म मी टाइप केला होता. मी.

बुधवार, २५ फेब्रुवारी

डॅरेल बाहेर गेला होता. त्याच्या मशीनवर पाहिलं.

नावं काढली जात नाहीत. पडद्यावरून जातात आणि दुसऱ्या यादीत जाऊन बसतात. वगळलेल्यांची यादी. त्यात सगळं आहे, सगळी नावं, पत्ते, घरातली माणसं, कारणं, लोकांच्या स्वतःच्या शब्दांत. गिऱ्हाईक फोन करतं, तेव्हा या यादीत ‘विशेष शोध’ होतो. कोणी, कधी, कोणाला शोधलं याची नोंद आहे. बहुतेक ठिकाणी नातं लिहिलंय, ‘पती’.

घाबरलेली माणसं गोळा करून, त्यांची नीट कार्डं बनवून, मी दारात ठेवत होते. आणि वर म्हणत होते, सुखी राहा.

 माझं नाव शोधलं.

१७ फेब्रुवारी. सकाळी दहा वीस. कॅसल हिल. नातं, पती. माहितीची पूर्ण प्रत पाठवली.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सकाळी लवकर जाऊन ती यादी पुसली. सगळी. डॅरेल ओरडला नाही, हसला. म्हणाला, दर शुक्रवारी या यादीची सीडी बाहेर जाते, गेल्या शुक्रवारचीही गेली. आणि म्हणाला, लपणाऱ्यांनाच तर शोधतात लोक, बाकीच्यांचं कोणाला काय पडलंय. मी पर्स घेऊन निघाले.

पोलीस स्टेशन. कोर्टाचा कागद सिडनीचा, इथे नव्याने नोंदवावा लागेल. उद्या दुपारी माणूस पाठवतो, तोवर घरी थांबा, मुलीला शाळेत पाठवा, तिथे ती सुरक्षित आहे. शाळेला कळवलं. आंटी आणि मी सोडून कोणाच्याही ताब्यात द्यायचं नाही. ते हो म्हणाले.

आंटींना सगळं खरं सांगितलं. त्या रडल्या. शनिवारी त्यांच्या बहिणीकडे बेंडिगोला जायचं ठरलंय. बॅग भरली.

तनया विचारत होती, आपण अदृश्य होतो ना?

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
दुपारी ३.१५

दहा मिनिटांसाठी श्यामलाच्या दुकानात गेले. माझा पत्ता कोणाला देऊ नकोस, एवढं सांगायला. जाता जाता कुकरबद्दल आभार मानले.

ती म्हणाली, कौनसा कुकर? ड्रॉ तो पाडवे को है. खोका तिने हलवून दाखवला. चिठ्ठ्या आत—

पळत आले. आंटी शाळेत गेल्यात. पोलीस अजून नाही.

खोकं फ्रिजवर. रिबीन तशीच.

कुकरचा ड्रॉ मी फक्त फॉर्मवर लिहिला होता.

३.२५

उघडलं.

नवा नाही. माझाच. झाकणाच्या कडेला तोच पोचा, तनया वर्षाची असताना पाडला होता तिने.

बुडाला आईने घातलेलं नाव. ‘पद्मा’ कानशीने घासून काढलंय. गुळगुळीत. त्या जागी खिळ्याने नवी टिंबं ठोकलीत, वाकडीतिकडी—

तनया शैलेंद्र दळवी

३.४०

शाळेला फोन केला. आंटी तिला घेऊन केव्हाच निघाल्या. बरोबर दोघीच होत्या, शिक्षिकेने गाडीपर्यंत पाहिलं. देवा. बरं झालं.

पाच मिनिटांचा रस्ता आहे.

पोलिसांना पुन्हा फोन. निघालाय म्हणतात.

दाराला कडी. खिडक्या बंद. हात स्थिर राहावा म्हणून लिहितेय. दुसरं काही सुचत नाही.

३.५२

गाडी आली. आंटींचीच, आवाज ओळखते मी. थांबली.

एक दार वाजलं.

दुसरं.

दोघी. दोघीच आहेत. आत्ता आंटी हाक मार—

तिसरं.

आंटी काही बोलत नाहीत. एरवी फाटकापासून त्यांची बडबड—

पावलं. बूट.

तनया दार वाजवतेय. हसतेय. मम्मा, ओपन द डोर, इट्स अ सरप्राइज. पप्पा म्हणतात आंटी स्लीपिंग आहेत गाडीत, आंटींचं डोर पप्पांनी क्लोज केलं. मम्मा, ही सेज यू हॅव टू ओपन इट युअरसेल्फ—

मागच्या खिडकीतून मी पळू शकते. ती नाही.

तो तिच्या बाजूला, नुसता उभा. तिचा हात त्याच्या हातात असेल.

वही फ्रिजमागे टाकते. जो कोणी वाचेल त्याने गीलाँगच्या ब्रेंडाला सांगा, आणि बाकी सगळ्यांना, फॉर्म भरू नका, कोणालाही, एकही रकाना—

आले गं बाळा, आले, उघडते, मी