बिनमानेचा ड्रॅगन

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा रक्तदाब? (माझं नाव निघाल्यावरचा नव्हे, एरवीचा विचारतोय.) मी खुशाल आहे, आणि पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा हे खरं लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, भावोजींच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायला नकोत म्हणून मी मोठ्या तोऱ्यात इथे ड्रॅगनचं कातडं शिवायला आलो. सिनेमा मुलाबाळांसकट बघायचा, तीन देशांनी मिळून काढलेला. डोकं एका देशानं करायचं, धड नि पंख दुसऱ्यानं, शेपूट आमच्या कारखान्यानं. दुसऱ्याच्या भागाला सुई लावायची तर तिन्हीकडच्या सह्या हव्यात. सोमवारी पेट्या उघडल्या, तर डोकं जबड्यापाशी संपलेलं आणि धड खांद्यापासून सुरू. मान कोणाच्याच करारात नव्हती! सात-आठ वकिलांनी वाचलेला करार, ताई, आणि मधला चार हात ड्रॅगन गायब. बाकी दोघांनी हात वर केले. शुक्रवारपर्यंत ड्रॅगन उभा राहिला नाही तर सिनेमा बंद, आणि मी पुन्हा भावोजींसमोर काजं करत बसणार.

मी म्हटलं, जी कोणाचीच नाही तिला सही कोणाची लागणार? आणि बसलो शिवायला. तारेचा सांगाडा झाला. पण त्या हिरव्या रंगाची मखमल अख्ख्या बाजारात मिळेना. (कुठून मिळवली ते विचारू नकोस.)

शुक्रवारी खरी परीक्षा. नायिका सात वर्षांची. डोकं पाहून तिनं भोकाड पसरलं, शेपटीला तर हातच लावेना. (दोन महिन्यांची माझी मेहनत!) दिग्दर्शिकाबाई डोक्याला हात लावून बसल्या. मग पोरगी मानेपाशी आली, तिथल्या खोलगट जागेत अंग टेकलं आणि म्हणाली, "हा म्हातारा आहे. हा नाही चावायचा." कॅमेरा चालूच होता. नंतर बाई सर्वांदेखत म्हणाल्या, वर्षानुवर्षं वापरल्यासारखं इतकं मायाळू कातडं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. मला रडूच आलं. सुटलो गं, ताई!

भावोजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा,
धांदरट

ता. क. : भावोजींचा हिरवा सोफा माझ्याकडे दुरुस्तीला आहे ना, त्याला जरा वेळ लागेल.

आणखी ता. क. : ती खोलगट जागा त्यांच्याच पंधरा वर्षांच्या बसण्याची आहे. गादी मी तशीच्या तशी मानेत घातली. तसा खळगा मला जन्मात जमला नसता. हे त्यांना तू सांग, पण आधी गोळी देऊन.

शेवटचा ता. क. : सिनेमाचा दुसरा भागही ठरला. मान आता करारात आहे. सोफा परत हवा असेल तर तिन्ही देशांच्या सह्या लागतील.