मंचर स्टँडवरची हुबेहूब आपा

मंचर, ११ एप्रिल

आदरणीय आपा,

अस्सलाम आलेकुम. होस्टेलात रविवारी दुपारी आपण दोघी एकाच बाकावर बसून घरी पत्र लिहायचो, ते आज सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. कॉन्व्हेंटातल्या बाकीच्या मुली इंग्रजीत लिहायच्या, आपण मराठीत; कारण जुन्नरला अम्मीला पत्र वाचून दाखवायचे पोस्टमन भिमाजीकाका. लिहायचीस तू, मी नुसती दौत धरायची. शेवटी तू हमखास लिहायचीस, "काका, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका, नुसतं अम्मीच्या हातात द्या." (अम्मीला अक्षर वाचता येत नव्हतं, हे तुलाही माहीत होतं. आणि काका तेवढंच जास्त मोठ्यानं वाचायचे, हे आपल्या सगळ्या आळीला.)

तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याचं पाणी थांबलं का? हे मी मंगळवारी स्टँडवरच विचारायला हवं होतं. पण त्या वेळी मी "लंगडणं अगदी खरं वाटतं हो" असं म्हणून तुझं कौतुक करत होते. आपा, पत्र फाडू नकोस. एवढं वाचलंस तर पुढचंही वाच. मला वेड लागलेलं नाही, आणि तू म्हणालीस तशी मी कसली नशाही करत नाही. झालं ते असं.

तालिबचे अब्बा गेल्याला दोन वर्षं झाली. (तुला कळवलं नाही. तेव्हा नऊ वर्षांचा झालेला अबोला त्या दिवशी तरी मोडायचा होता, पण फोन हातात घेऊन मी नुसती बसून राहिले.) तेव्हापासून मी दिवसभर खिडकीपाशी बसायची. ते बघवेना म्हणून सुनेनं, यास्मिननं, माझ्या फोनवर एक खेळ घालून दिला. त्याचं नाव 'पाऊलखूण'. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, फुटणाऱ्या गोळ्याही नाहीत. मेहर नावाची एक मुलगी हरवली आहे, आणि तिला आपण शोधायचं, एवढंच. निरोप येतात, अनोळखी माणसांचे फोन येतात. खेळ कोण चालवतं ते कोणालाच ठाऊक नाही. पहिल्याच पानावर नियम होता: आम्ही तुमच्या ओळखीच्या माणसांच्या रूपात येऊ, आणि हा खेळ आहे असं कोणीही कबूल करणार नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला सर्वांत जास्त आठवण कोणाची येते? मी तुझं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाही, अम्मी-अब्बांचंही नाही. तुझी चाल, हनुवटीवरचा तीळ, रागावल्यावर उजवा खांदा उडवण्याची सवय, सगळं लिहिलं. बांगडीचं मापसुद्धा लिहिलं, सव्वादोन. अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला माणूस आठवतो तो हातापासून.

पहिला हुकूम आला की मंचरच्या बाजारात पिवळ्या उपरण्याच्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलं? मी गेले. कांद्याच्या अडत्याशी सोपान नावाचा एक गृहस्थ पिवळं उपरणं खांद्यावर टाकून पिशव्या शिवून घेत होता. मी हळूच विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पारगावच्या वर आलंय, पण लई बारीक. दोन दिस तरी खाली काय येत न्हाई. तुमचं रान कुठं म्हणायचं?" बिचारा कॅनॉलच्या पाण्याचं सांगत होता. मी वहीत लिहिलं, 'पारगाव', आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं पारगावला पोचले. (यास्मिनला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. माझी कवळी घरी कपात होती, ते तिनं पाहिलं.)

पारगावला कारखान्याच्या मागं ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या आहेत. हंगाम संपत आलेला, माणसं भांडीकुंडी बांधत होती. तिथे साळुबाई नावाची एक बाई चुलीवरून तवा उतरवत होती. मी सरळ विचारलं, मेहर कुठे आहे? तिनं मला सावलीला बसवून तांब्याभर पाणी दिलं. म्हणाली, "आजी, हितं मेहर-बिहर कुणी न्हाई. तुमची कोण ती? रुसून गेलीया का?" मी म्हटलं, हो, रुसूनच गेली आहे. ती म्हणाली, "मग तिच्या दाराम्होरं जाऊन बसा की. उनातान्हात हुडकत काय फिरताय?" आपा, हे मी वहीत 'खूण दुसरी' म्हणून लिहिलं आणि दोन दिवस मेहरचं दार शोधत फिरले! तुझ्या कोंढव्याच्या दाराचा पत्ता मला तोंडपाठ आहे. डोक्यातसुद्धा आला नाही.

मग मंगळवार. फोन वाजला, नंबर अनोळखी. "नसीम, मी खैरून. मंचर स्टँडवर उतरलेय, न्यायला ये." माझ्या मनात आलं, आला बाई खेळ एकदाचा मुद्द्यावर! कारण खरी आपा पहिला फोन कधीच करणार नाही. (हे चुकीचं होतं, पण अन्याय्य नव्हतं. लहानपणी भांडण झालं की तीन-तीन दिवस भिंतीशी बोलायचीस.) ठेवणीतली साडी नेसले, वही घेतली आणि स्टँडवर आले. चौकशीच्या खिडकीशी पंख्याखाली तू उभी. आपा, क्षणभर मी तुला हाक मारणारच होते. आणि दुसऱ्या क्षणी मी मनात म्हटलं, काय हुबेहूब बाई निवडलीय! थोडी वयानं जास्त वाटते, एवढंच.

तू माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, "मी हजला चाललेय. २९ तारखेचं विमान आहे. कहा-सुना माफ कर, नसीम." आणि रडायला लागलीस. आणि मी टाळ्या वाजवल्या. भर स्टँडात. भीमाशंकर गाडीचा कंडक्टर घंटीची दोरी धरून तसाच बघत राहिला. मग मी तुझा हात हातात घेतला, अब्बा गिऱ्हाइकाचा घ्यायचे तसा, बोटं मिटवून दाबून पाहिला, आणि म्हटलं, "सगळं जमलंय हो बाई, पण हाताला चुकलात. हा अडीचचा हात आहे. माझ्या आपाचा सव्वादोनचा."

तू आपल्या हाताकडे बघितलंस. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणालीस, "सांधे सुजलेत गं. अकरा वर्षं झाली." आणि मी ते वहीत लिहून घेतलं! 'सांधे सुजलेत' आणि पुढे कंसात 'औषधांचं दुकान?' मग म्हटलं, "बरं, आता पुढची खूण द्या." तुझा उजवा खांदा उडाला. "खूण? नशाबिशा करतेस की काय? डोकं ठिकाणावर येईस्तोवर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" आणि तू सुटणाऱ्या पुण्याच्या गाडीत चढलीस. मी हात हलवून ओरडले, "फार छान केलंत!"

घरी येऊन सगळं हौसेनं यास्मिनला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अम्मी, खेळ तर सोमवारपासून बंद आहे. काहीतरी दुरुस्ती चाललीय." मी विचारलं, मग त्या बाई कोण होत्या? यास्मिननं हातातली जुडी खाली ठेवली फक्त.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. फोन केला तर तुझा शाहरुख म्हणतो, "आमच्या खाला असं बोलत नाहीत. फ्रॉड कॉल आहे." मी शाळेचं नाव सांगितलं, तर म्हणाला, ते फेसबुकवर सगळ्यांना दिसतं. अम्मीचं नाव बिबिजान म्हणून सांगितलं, तर त्यानं माझा नंबरच ब्लॉक केला. त्याला दोष कोणत्या तोंडानं देऊ? मीसुद्धा तेच केलं, तेही माणूस समोर असताना. म्हणून हे हातानं लिहिते आहे. माझं वेडंवाकडं अक्षर कोणत्याही खेळाला जमणार नाही.

एक गोष्ट राहिलीच. अकरा वर्षांपूर्वी, अम्मी गेल्यावर तिच्या चाळिसाव्याला मी तुला म्हणाले होते, पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जा. नऊ महिने मी अम्मीच्या उशाशी होते आणि तू रविवारची यायचीस, याचा मला राग होता. पण अम्मी रविवारी सकाळपासून दाराकडे बघायची, खरा राग त्याचा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माफी मी मागायची होती, आणि सुजलेले सांधे घेऊन एसटीनं आलीस तू.

तुझी धाकटी,
नसीम

ता. क. माफ केलं. माफ करण्याजोगं काही नव्हतं, पण हजला निघालेल्या माणसाला शब्द लागतो, म्हणून लिहून देते. आता तू मला कर. अकरा वर्षांपूर्वीचं आधी. स्टँडवरचं एकदम जमणार नसेल तर राहू दे, परत आल्यावर कर.

आणखी एक. खेळ काल पुन्हा सुरू झाला. यास्मिननं तो फोनवरून काढून टाकला, मी शेजारी उभी राहून बघितलं. (मेहर सापडली नाही, एवढी रुखरुख आहे. तुझ्या कानावर काही आलं तर कळव.)

शेवटचं. हे पत्र आणि सोबतची पिशवी तालिबजवळ देते आहे. शेंगदाण्याची चटणी तुला, प्रवासासाठी. त्यातली घरात कोणाला देऊ नकोस. लिंबाचं लोणचं शाहरुखला, मला फ्रॉड म्हणाला तरी. तिळाच्या वड्या तुझ्या सुनेला. मोठ्या स्टीलच्या डब्यात सांजोऱ्या आहेत, त्या सगळ्यांनी वाटून घ्या. डब्यावर यास्मिनचं नाव कोरलेलं आहे, आणि डब्यांच्या बाबतीत ती कोणालाही माफ करत नाही. तालिब तो परत मागेल. त्याच्याजवळ देऊ नकोस. तू स्वतः आणून दे, २९ तारखेच्या आत.