मेहुण्याच्या दाताचा रंग

३ मार्च, सोमवार
मेहुण्याच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन रविवारी. पत्रकाची पीडीएफ आली. दातांचा डॉक्टर, आणि पत्रकावरचा दात पिवळाधमक! मेहुणा म्हणाला, भावोजी, रंग तुम्हीच बदला, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. सासरच्या माणसाकडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, डाव्या हातचा मळ. चहा व्हायच्या आत देतो.

संध्या. ७.१०
दातावर क्लिक केलं की अख्खं पान निवडलं जातं. लॅपटॉप जुना झालाय.

४ मार्च
शोध लागला. प्रत्येक आकाराला दोन रंग. आतला तो फिल, कडेचा तो स्ट्रोक. हे फार थोड्यांना माहीत असावं. हिला समजावलं. भाजी चिरता चिरता हो हो म्हणाली.

फिल पांढरा केला. दात गायब. कागदही पांढराच, हे ध्यानात आलं नव्हतं. डिझायनरच्या आलं असावं, पण त्याला श्रेय द्यायचं कारण नाही.

५ मार्च
स्ट्रोक काळा. जाडी आठ. ही म्हणाली, दात किडलाय. हिला कलेतलं कळत नाही. जाडी एक केली. आता नुकता किडायला लागल्यासारखा दिसतो.

६ मार्च, सकाळी ११
एकेक आकार धरत बसणं हे कारकुनी काम. एका रंगाचं सगळं एकदम निवडायची सोय सापडली. सगळं पिवळं एका फटक्यात पांढरं. सेव्ह केलं.

दु. १२.३०
फोन नंबरही पिवळा होता. पत्ताही.

दु. ३
त्यांना निळा स्ट्रोक दिला. अक्षरं फुगली. आठ, सहा आणि शून्य एकाच आईची लेकरं. मेहुण्याचा फोन. म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. म्हणाला, सावकाश होऊ द्या. किती समजूतदार माणूस!

७ मार्च
मूळ फाइलवरच सेव्ह झालं होतं. ती परत मागायची म्हणजे सासरी नाक कापून घ्यायचं. छे! उद्या पहाटे पाचला उठून नव्याने करणार.

८ मार्च, सकाळी ९.४०
उठलो.

संध्या. ४.५५
पाठवली! फिल पांढरा, स्ट्रोक फिकट निळा. नंबर हाताने टाइप केला, शेवटचे दोन आकडे अंदाजाने. मेहुण्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. भरून आलं.

९ मार्च, रविवार
उद्घाटन. पत्रक हातात घेतलं. दात पांढराशुभ्र, कड रेखीव, नंबर ठसठशीत. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना फिल आणि स्ट्रोक यांतला फरक वीस मिनिटं समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की ते छापखान्याचे मालक. पत्रकं मंगळवारीच छापून झाली. डिझायनरने रंग दहा मिनिटांत बदलून दिला होता.

हिला गाठलं. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही आठवडाभर घरी गुंतलात म्हणून तर दवाखान्यातलं सुताराचं आणि रंगाऱ्याचं काम वेळेत झालं. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच आठवडा, ज्यात तुम्ही कुणाला सल्ला दिला नाहीत.

फार वाईट वाटलं. पेढासुद्धा अर्धाच खाल्ला.

निघताना मेहुणा जवळ आला. पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावर फरशी बसवायला माणसं येणार आहेत. तेवढे चार दिवस भावोजी आणखी एका पीडीएफचे रंग बघतील का?

हो म्हणालो.