उंचवट्याचा सत्कार

औसा, २५ ऑगस्ट २०२५

चि. शिवांगीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र.

अवकाश दुर्बिणीच्या आलेखात उंचवटा दिसलाय, काहीतरी नवं असेल, असं तू आईला सांगितलंस. मी लगेच चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्स छापायचं दुकान आपलंच! ‘विश्वाचं रहस्य उलगडणारी औशाची कन्या.’ तुझा फोटो बारावीतला आहे. माझा जरा मोठा आलाय. चौदा सप्टेंबरला रविवारी सत्कार, व्यापारी संघाचे सिद्रामप्पा शाल देणार.

फ्लेक्सवर सर्वांत देखणा,
शेषेरावकाका

नांदेड, २९ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, फ्लेक्स उतरवा! अंतराळातून येणारे इलेक्ट्रॉन कुठल्या ऊर्जेचे किती, एवढंच आम्ही मोजतो. ऊर्जा वाढते तशी त्यांची संख्या घटते. मध्येच ती वाढलेली दिसली, तोच उंचवटा. पण एकेका इलेक्ट्रॉनमागे हजारभर प्रोटॉन असतात, लग्नात बिनबोलावलेले जेवून जातात तसे इलेक्ट्रॉन म्हणून मोजणीत घुसतात. ते गाळायची चाळणी बारीक केली आणि उंचवटा सपाट झाला. मीच चुकले. गुरुवारी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायचं आहे, पाठवलेला शोधनिबंध हातचा जाईल. फार रडू येतंय. काकूला सांगू नका.

रागवा, पण माया आटवू नका.
शिवांगी

औसा, २ सप्टेंबर

चि. शिवांगीस,
आशीर्वाद. पत्र काकूनंच आधी फोडलं, माझा इलाज न्हाई.

एक सुचवतो. मी फ्लेक्सवर पुढाऱ्यांची पोटं आत घेतो, टकलावर केस उगवतो. कुणाचं काही बिघडलं? उंचवटा सत्कारापर्यंत राहू दे. दुर्बीण वर हाय, बघायला कोण जातंय? लई लोक येणार, माझं नाक कापलं जाईल.

तुझाच,
काका

नांदेड, ५ सप्टेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काल सांगून टाकलं. सर म्हणाले की निबंध मागे घेऊ. तुमची मान माझ्यामुळे खाली जाणार, याचं जास्त वाईट वाटतंय. मी सत्काराला येत नाही.

जमलं तर माफ करा.
शिवांगी

औसा, १५ सप्टेंबर

चि. शिवांगीस,
आशीर्वाद. सत्कार झाला, तुझ्याविना.

माईक हातात आला आणि तुझं पत्र आठवलं. मग खरं ते सांगितलं, की पोरीला नवं काही सापडलं न्हाई, स्वतःची चूक सापडली, आणि दुसऱ्या कुणाला दिसायच्या आधी तिनं ती आपण होऊन सांगितली. पहिल्या रांगेतले पुढारी मोबाइलमध्ये बघू लागले.

सिद्रामप्पा उठले. म्हणाले की या चौकात आजवर लई सत्कार केले, पण चुकलो म्हणणाऱ्याचा हा पहिलाच हाय. तुझी शाल त्यांनी काकूच्या खांद्यावर घातली. काकू रडली. खोटं कशाला, मीही रडलो. पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो.

शनिवारी ये. काकू शाल काढायला तयार नाही.

तुझा,
काका