थंडी खालून येते

बाबा, मी बर्फात झोपायला चालले आहे. दचकू नका. सावंगीतली नर्सची नोकरी संपली, गुडघे अजून माझं ऐकतात, आणि पुढच्या आठवड्यात आमचा बारा जणांचा गट उत्तराखंडात तंबूत राहणार आहे. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या या घरात मात्र मला कोणी धड हो म्हणेना. लेक म्हणते, "आई, या वयात काऊन हे खूळ?" मी म्हटलं, "या वयात नाई तर कधी? वर गेल्यावर?" तेव्हापासून ती गाल फुगवून बसली आहे. बसू दे. मी जाणार म्हणजे जाणार.

नागपूरला जाऊन सामान आणलं. दुकानदार आधी मला नातवासाठी आलेली आजीच समजला. मग झोपायच्या पिशव्या दाखवू लागला, ही उणे दहाची, ती उणे पंधराची. मी चष्मा लावून आतली चिठ्ठी वाचली. मोठा आकडा जीव कसाबसा वाचण्याचा होता, सुखाने झोप लागण्याचा आकडा खाली बारीक अक्षरात. "मला वाचायचंय आणि झोपायचंही आहे," म्हटलं. पिसांची पिशवी हलकी, पण ओली झाली की तिचा चोथा होतो म्हणाला, म्हणून कृत्रिम धाग्याची घेतली, जड तर जड. तो बिल करू लागला तेव्हा मी विचारलं, "आणि खालून?" तो थांबला. म्हणाला, "मावशी, हे कोणी विचारतच नाही. सगळे पिशवीवर पैसे घालतात आणि पाठ गारठून परत येतात." मग त्याने दोन चटया काढल्या, एक फोमची, एक हवा भरायची. बर्फावर दोन्ही लागतात, एकीवर एक. मी तिथेच, गिऱ्हाइकांच्या देखत, फरशीवर आडवी होऊन पाहिलं. लाज? छे! लाज एकदा धरली होती, तेवढी पुरे झाली.

नववीतलं चिखलदऱ्याचं शिबिर आठवतं का? चार दिवस तंबूत, ऐन पौषात, अंथरूण ज्याचं त्याने आणायचं. सिंदी रेल्वे गावातल्या आपल्या जुन्या घराच्या अंगणात तुम्ही दाभण घेऊन बसला आहात. खाली बारदान्याचे तीन थर, वर कापसाच्या जिनिंगमधून आणलेली रुई, त्यावर आईचं जुनं लुगडं. मी मदत म्हणून रुई थापटून दाबते, तर हातावर चापट. "अवं, दाबून काऊन राह्यली? दाबलेल्या रुईत ऊब राह्यते का? तिले हवा पाह्यजे!" शिवून झाल्यावर तुम्ही त्या थंडीत अंगणात बादलीभर पाणी शिंपडलंत, ओल्या जमिनीवर ते अंथरलंत आणि मला निजवलंत. थोड्या वेळाने पाठीखाली हात घातलात. "गार लागून राह्यलं का? खरं सांगजो. थंडी वरून नाई येत पोरी, खालून येते."

गार लागत नव्हतं, बाबा. पण निघायच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मैत्रिणींची रंगीत ब्लँकेटं दिसली, आणि माझ्या खांद्यावरच्या वळकटीच्या बारदान्यावर जिनिंगचा काळा शिक्का. मी तशीच मागे फिरले. घरी सांगितलं, शिबिर रद्द झालं. तुम्ही वळकटी माझ्या खांद्यावरून उतरवून घेतलीत. "जाऊ दे. पुढच्या साली कामी येईन," एवढंच म्हणालात. पुढे ती तुम्हीच वापरलीत, शेवटपर्यंत.

काल सकाळी मी गच्चीवर बादलीभर पाणी ओतलं, दोन्ही चटया टाकल्या, पिशवीत शिरले. लेक धावत वर आली. "आई, शेजारचे पाहून राह्यले ना!" "पाहू दे," म्हटलं. ती हसली, शेजारी बसली, आणि तिने माझ्या पाठीखाली हात घालून पाहिला. तिला कोणी शिकवलं होतं? मला रडूच फुटलं. ती माझे डोळे पुसत म्हणाली, "कळलं मला. आजोबांनी तेव्हा शिबिराला जाऊ दिलं नाही, म्हणून आता हा हट्ट ना? जा तू. मी नाही अडवत."

हो बाबा, मी तिला हेच सांगत आले. तिलाच नाही, तिच्या वडिलांना, मैत्रिणींना, सगळ्यांना. बाबा जुन्या वळणाचे, मुलीला पाठवलं नाही. लोक हळहळायचे, मला बरं वाटायचं. तुम्ही दाभणाने बोटं भोसकून घेतलीत आणि मी जन्मभर तुम्हालाच दोषी धरलं. कालही गप्प राहिले. परवानगी मिळाली, ती तुमच्या नावावरच्या खोट्यावर.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्हाला खरं लिहिणं सोपंच आहे, तुम्ही थोडेच रागवायला येणार. कठीण आहे ते लेकीला सांगणं, ती खाली स्वयंपाकघरात चहा करते आहे. कदाचित म्हणेल, मग मुळीच जाऊ नको. म्हणू दे. कागद घडी करून ठेवते, आणि तिला हाक मारते.