वास पिणारा डबा

६ जानेवारी १९७४, रविवार. चिखली.
कोकिळा माहेरी अमडापूरला निघून गेली. एस.टी.नं! दारात स्वतःची मोटार उभी असताना! म्हणते, गाडीत माणिकराव वकिलांच्या हिना अत्तराचा वास येते, म्या पाय ठेवत नाही. वकील गेल्या उन्हाळ्यात याच गाडीत, डाव्या सीटवर बसल्या बसल्या वारले. ड्रायव्हर बुलढाण्यापर्यंत त्यांच्याशी बोलत राहिला. म्हणून तर दसऱ्याला ती गाडी एका शाळामास्तराला परवडली.
वास पेट्रोलचा आहे. मी विज्ञान शिकवतो, मला कळतं.
संकल्प: संक्रांतीच्या आत कोकिळेला याच गाडीतून घरी आणणे.

७ जानेवारी
उपाय सापडला. शाळेतल्या जुन्या इंग्रजी मासिकात. अमेरिकेत नव्या गाड्यांना कोळशाचा डबा असतो. टाकीतली पेट्रोलची वाफ नळीनं त्यात जाते, कोळसा ती पिऊन टाकतो, पुढं इंजिन ओढून जाळतं. वास खलास. पेट्रोलचीही बचत, भाव तर गगनाला भिडलेत. भुतांबद्दल मासिकात अवाक्षर नाही.

८ जानेवारी
वनस्पती तुपाचा रिकामा डबा मिळाला. बशीर मिस्त्रीनं दोन नळ्या झाळून दिल्या. म्हणे, दिवस मावळल्यावर मले बलावू नका गुरुजी, मी बालबच्चेवाला माणूस आहो. मी हसलो. नंतर डावा दरवाजा लॉक केला. हल्ली चोर फार झालेत.

९ जानेवारी
डबा पाऊण भरला आणि कोळसा संपला. पण डोकं असलं की अडत नाही. कोकिळा दर शनिवारी गाडीला लिंबू, मिरच्या, बिब्बा आणि कोळसा बांधायची. जुनं काढून तिठ्यावर टाकायचं असतं. रस्ता घाण नको म्हणून मी ते सगळं डिकीत साठवलं होतं. त्यातले कोळसे फोडून डबा काठोकाठ भरला.
बशीरनं पाहिलं आणि पाना खाली ठेवला. या अल्ला, म्हणाला, ज्या कोळशानं गाडीची नजर ओढली, तोच परत गाडीले चारून राह्यले तुम्ही? आणि चहा न पिता गेला. उरलेले नट मीच आवळले. कोळसा तो कोळसा.

११ जानेवारी, संध्याकाळ
विजय! पेट्रोलचा वास साफ गेला.
त्याच्याखाली आणखी एक वास होता. तो आता स्वच्छ येतो. हिनाच असेल असं काही नाही.
काचा उघड्या टाकून उंद्रीपर्यंत जाऊन आलो. वाटेत मोठ्यानं बोलत होतो. घसा मोकळा होतो. परतताना लक्षात आलं की मधूनमधून 'वकीलसाहेब' म्हणतोय. उरलेला रस्ता गाडी जोरात हाणली. थंडी फार आहे.
घर खायला उठतं. कोकिळा हवी.

१३ जानेवारी, रविवार
अमडापूरला गेलो. सासरे उकंडराव बॉनेटखाली वाकून डबा पाहत राहिले. जावईबापू, कारागिरी झकास हाय, म्हणाले. कोकिळेनं गाडीत डोकं घालून वास घेतला आणि घरातून पिशवी घेऊन आली. मला वाटलं, जिंकलो! म्हणाली, तुमाले एकट्याले त्यायच्यासंग ठेवणं बरं नाही, म्हून येऊन राह्यली.
मग मागच्या सीटवर बसली. पुढं ये म्हटलं, तर म्हणे, त्यायले काऊन उठवता? म्हातारं माणूस हाय.
चिखलीपर्यंत मी डावीकडे पाहिलं नाही. चालकानं समोरच पाहावं, असा नियमच आहे. उतरताना कोकिळेनं पुढच्या सीटकडे पाहून पदर डोक्यावर ओढला.
तरीही संकल्प पूर्ण झाला, असंच म्हणावं लागेल.

२० जानेवारी
प्रयोग संपला की उपकरण परत करावं. गाडी डब्यासकट वकिलांच्या पत्नी मनकर्णाबाईंच्या अंगणात लावून आलो. पैशांचं बोललो नाही. बाई लगबगीनं बाहेर आल्या, डावा दरवाजा उघडून उभ्या राहिल्या. लई उशीर केला, म्हणाल्या.
मलाच म्हणाल्या असाव्यात.

२२ जानेवारी
सायकल घेतली. प्रकृतीला उत्तम. कॅरियर दुकानातच काढायला लावलं. वजन कमी होतं.
कोकिळा विचारत होती, मग मले कुठं बसवता?
पायी जाऊ, म्हटलं. दोघंच.